नुसत्या व्यासावर जाऊ नका
मनगट बारीक असेल तर घड्याळाच्या व्यासात ४० मिमीच्या वर जाऊच नका, हा मनगटी घड्याळ निवडण्यावरच्या लेखातला सल्ला अर्धवट वाटला. खरं बघायचं ते एका लगच्या (पट्टा जिथे जोडतात, त्या पुढे आलेल्या शिंगाच्या) टोकापासून समोरच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर. सेइकोचं एसकेएक्स ००७ हे घड्याळ घ्या: केस, म्हणजे घड्याळाचा बाहेरचा डबा, ४२.५ मिमी, पण ही लांबी जेमतेम ४६. माझ्या काडीसारख्या मनगटावर ते व्यवस्थित बसतं. उलट लहान केसचं, पण लांब, सरळ लगचं घड्याळ दोन्ही कडांना अधांतरी राहतं आणि पट्टा मनगटाला न टेकता सरळ खाली उतरतो.

आणि घालून बघायचं तर आरशात बघा हो! मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत कुठलंही घड्याळ अवाढव्यच दिसतं. जाडीबद्दल लेखात चकार शब्द नाही, शर्टाच्या कफात अडकतं ते तिच्यामुळेच.