सरकारला चेहरा, पेपरवाल्यांना नुसते फ्लॅश

क्लिंट ईस्टवुडच्या ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’चा विषय निघाला की बहुतेक जण एक वाक्य टाकून मोकळे होतात: सरकार युद्धात प्रचार कसा करतं ते दाखवणारा सिनेमा. मला हे पटत नाही. २००६चा हा सिनेमा परवा पुन्हा बघितला, तर मला त्यात सरकारची बाजू चांगलीच समजून घेतलेली दिसली. सुटले कोण, तर पेपरवाले.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी १९४५. इवो जिमा हे जपानचं गंधकाच्या वासाचं एवढंसं बेट. १९ तारखेला अमेरिकन मरीन उतरले, २३ला सुरिबाची डोंगरावर झेंडा लागला. असोसिएटेड प्रेसच्या जो रोझेन्थालने फोटो काढला, फिल्म विमानाने ग्वामला गेली आणि २५ तारखेच्या रविवारच्या पेपरांत फोटो अमेरिकाभर झळकला. सहा जण, तिरका दांडा, वर फडफडणारं कापड. एकाचाही चेहरा धड दिसत नाही. लढाई मात्र २६ मार्चपर्यंत चालली आणि त्यात सहांपैकी तिघे गेले. उरलेल्या तिघांना, म्हणजे तेव्हा जे ‘उरलेले तिघे’ समजले जात होते त्यांना (याची गंमत पुढे सांगतो), रूझवेल्टने मायदेशी आणवलं आणि सातव्या युद्धकर्जाचे रोखे खपवायला गावोगाव फिरवलं.

त्यात हा झेंडा दुसरा. पहिला सकाळी लागला तेव्हा खाली किनाऱ्यावर जल्लोष झाला, जहाजांनी भोंगे वाजवले. नौदल मंत्री फॉरेस्टल त्या वेळी किनाऱ्यावर होते, त्यांना आठवण म्हणून तो झेंडा हवासा वाटला. बटालियनचा कमांडर चँडलर जॉन्सन खवळला. झेंडा बटालियनचा, मंत्र्याच्या दिवाणखान्यासाठी नाही. त्याने तो सुरक्षित काढून घ्यायला माणसं पाठवली आणि त्या जागी लावायला दुसरा, मोठा झेंडा वर धाडला. रोझेन्थाल पोचला तो या अदलाबदलीच्या वेळी. तेव्हा ना भोंगे वाजले, ना कुणी टोप्या उडवल्या. सरकारी कामात असतं तसं एक काम उरकलं गेलं, आणि नेमका त्याचाच फोटो इतिहासात गेला.

आता तो सीन, ज्यासाठी मी ही पोस्ट लिहितोय. बड गर्बर नावाचा अर्थखात्याचा माणूस (जॉन स्लॅटरीने काय केलाय!) या तिघांना (आयरा हेज, जॉन ब्रॅडली आणि रेने गॅनिओन) दौऱ्याची माहिती देतोय. बोलता बोलता त्याला कळतं की फोटोत ज्याचं नाव छापलंय तो हँक हॅन्सन फोटोत नाहीच, तो पहिला, ‘खरा’ झेंडा लावणाऱ्यांत होता. गर्बरचा चेहरा बघण्यासारखा होतो. खरा झेंडा म्हणजे? हा खरा नाही? आयरा हेज म्हणतो, हा सगळा तमाशा आहे. आणि मग गर्बर उसळतो. तिजोरीत खडखडाट आहे, गोळ्या घ्यायला पैसे नाहीत, लोकांनी आता रोखे घेतले नाहीत तर तिकडे तुमचे दोस्त कशाने लढणार? मोहिमेला ‘मायटी सेव्हन्थ’ असं दणदणीत नाव दिलंय, कारण ‘आम्ही कंगाल झालोय, चार पैसे द्या’ हे नाव जरा बरं दिसलं नसतं.

या माणसाला व्हिलन म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही. उद्दिष्ट होतं १४ अब्ज डॉलरचं, जमले २६ अब्जांहून जास्त. म्हणजे तमाशा चालला, आणि त्या पैशातून युद्ध लढलं गेलं. ईस्टवुडने गर्बरला वकिलासारखं बोलू दिलंय आणि उलटतपासणी आपल्यावर सोडलीय. सरकारचं काम इतक्या निगुतीने दाखवणारे युद्धपट फार नाहीत.

पेपरवाल्यांचं काय? त्यांना या सिनेमात एकही असा सीन नाही. संपादक-वार्ताहर ओझरते येतात, बाकी फ्लॅशचे बल्ब फुटतात, गर्दी ओरडते, हेडलाइन सरकते. पाऊस पडावा तसा मीडिया पडत राहतो, त्याचा निर्णय कुणीच घेतलेला नसतो. हे मला सोयीचं वाटतं. त्या पानावर काय छापायचं हे कुणीतरी ठरवलं होतंच की.

खरा इतिहास जास्त तिखट आहे. रोझेन्थालने नावं टिपलेली नव्हती. फोटो गाजला, पेपरांना माणसं हवी झाली, लष्कराने घाईघाईत यादी केली आणि त्यात लढाईत गेलेल्या हार्लन ब्लॉकच्या जागी हॅन्सनचं नाव गेलं. टेक्सासात ब्लॉकची आई फोटो बघून सांगत होती की हा पाठमोरा माझा पोरगा आहे. कुणी ऐकलं नाही. हेजने वॉशिंग्टनला पोचल्यावर चूक सांगितली, तर उत्तर मिळालं की नावं जाहीर झालीत, आता गप्प बस. शेवटी १९४६मध्ये हा माणूस ॲरिझोनाहून मिळेल त्या गाडीला हात करत टेक्सासला गेला आणि ब्लॉकच्या वडिलांना भेटला, तेव्हा कुठे चौकशी होऊन १९४७मध्ये दुरुस्ती झाली. गप्प बसवलं सरकारने हे खरंच, पण छापून आलेलं नाव मागे घेणं कुणालाच परवडत नव्हतं, हेही तितकंच खरं.

उलट दिशेनेही घोळ झाला. रोझेन्थालला कुणीतरी विचारलं, फोटो पोज देऊन घेतलास का? त्याने नंतर झेंड्याखाली सैनिकांचा एक समूहफोटो काढला होता, त्याला वाटलं त्याबद्दल विचारताहेत, म्हणून तो ‘हो’ म्हणाला. झालं! ‘टाइम’च्या रेडिओ कार्यक्रमात फोटो बनावट असल्याचं सांगून झालं. ‘टाइम’ने माफी मागितली, पण २००६च्या ऑगस्टमध्ये, सिनेमा यायच्या दोन महिने आधी वारला तोपर्यंत रोझेन्थाल या प्रश्नाला उत्तरं देत होता. झेंडा लागताना शेजारीच उभा राहून बिल जेनॉस्टने चलचित्र घेतलंय, त्यात कुणी पोज देताना दिसत नाही. हा जेनॉस्टही पुढे त्याच बेटावर मारला गेला.

सिनेमा मीडियाबद्दल एकदाच तोंड उघडून बोलतो, आणि तिथेच घसरतो. म्हातारा झालेला कॅप्टन सेव्हरन्स, या सैनिकांच्या तुकडीचा तेव्हाचा प्रमुख, सांगतो की एक फोटो युद्ध जिंकून देतो किंवा हरवतो. सायगावच्या रस्त्यावर कैद्याच्या डोक्यात गोळी घालणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो आला आणि व्हिएतनामचं युद्ध अमेरिका तिथेच हरली. ऐकायला झकास. पण एडी ॲडम्सचा तो फोटो १ फेब्रुवारी १९६८चा, अमेरिकन सैन्य निघालं १९७३मध्ये, सायगाव पडलं १९७५मध्ये. सात वर्षांत मेलेली माणसं एका फोटोच्या खात्यावर कशी टाकणार? फोटोला इतकी ताकद बहाल केली की निर्णय घेणारे सगळे आपोआप सुटतात, मंत्रीही आणि संपादकही.

तरी एक-दोन जागी सिनेमा पेपरच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे तुम्हाआम्हाला, नेमका पकडतो. मेजवानीत झेंडा लावणाऱ्या सैनिकांच्या आकाराचं पांढरं आइस्क्रीम येतं. वेटर विचारतो, चॉकलेट की स्ट्रॉबेरी? आणि त्या पुतळ्यांवर लाल सॉस ओततो. पुढे युद्धानंतर शेतात राबणाऱ्या हेजजवळ एक कुटुंब गाडी थांबवतं. फोटो हवा असतो. तो खिशातून छोटा झेंडा काढतो, हसतो, फोटो होतो, बाप हातावर नाणी ठेवतो. हेज मूळचा पिमा जमातीचा. दौऱ्यात हीरो म्हणून मिरवतानाच एका बारमध्ये त्याला ‘इंडियनला दारू देत नाही’ म्हणून हाकललेलं आपण बघितलेलं असतं. जानेवारी १९५५मध्ये तो गेला, ३२व्या वर्षी.

आता ती गंमत. सिनेमा बेतलाय जॉन ब्रॅडली या नौदलाच्या कॉर्प्समनच्या (म्हणजे जखमींवर उपचार करणाऱ्या सैनिकाच्या) मुलाने सहलेखकासोबत लिहिलेल्या पुस्तकावर. ब्रॅडलीच नायक. २०१४मध्ये दोन हौशी अभ्यासकांनी विजारीच्या दुमडी आणि कमरेचे पट्टे ताडून बघितले, ‘ओमाहा वर्ल्ड-हेराल्ड’ने ते छापलं, आणि २०१६मध्ये मरीन कोअरने मान्य केलं की फोटोत ब्रॅडली नाही, हॅरॉल्ड शुल्ट्झ आहे. २०१९मध्ये रेने गॅनिओनही बाद झाला, तिथे हॅरॉल्ड केलर निघाला. म्हणजे दौऱ्यावर फिरलेल्या तिघांपैकी फोटोत होता फक्त हेज, जो पहिल्या दिवसापासून यादी चूक आहे म्हणत होता. शुल्ट्झने लॉस एंजेलिसमध्ये पोस्टात नोकरी केली आणि चारचौघांत कधी दावा केला नाही. आणि हो, ही चूक सुधारण्याची सुरुवात एका पेपरनेच केली, हे श्रेय द्यायला हवं.

ईस्टवुडने याच लढाईवर जपानी बाजूने ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ही केला. तिथे प्रचाराची जात वेगळी. नौदलाचा ताफा संपलाय हे बेटाच्या सेनापतीला, कुरिबायाशीला, त्याचं सरकार सांगत नाही, ते त्याला बॅरन निशी या हाताखालच्या अधिकाऱ्याकडून कळतं. मदत म्हणून येतं रेडिओवरचं शाळकरी मुलांचं गाणं. सिनेमात नसलेली एक गोष्ट सांगतो. कुरिबायाशीचा निरोपाचा संदेश पेपरांत छापताना त्यातला सैनिक जवळजवळ रिकाम्या हातांनी लढताहेत हा उल्लेख गाळला गेला, आणि सोबतच्या कवितेतलं दुःख काढून तिथे त्वेष घालण्यात आला. तिथे गर्बरसारखी वकिली करायला कुणी लागलंच नाही.

‘लेटर्स’ला ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं, ‘फ्लॅग्ज’ तिकीटबारीवर आपटला. दोन्ही बघा, आधी ‘फ्लॅग्ज’. आणि कमेंटमध्ये ‘सरकारं अशीच असतात’ एवढंच लिहून पळू नका. गर्बरचा सीन पुन्हा लावा आणि त्याला तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते लिहा. मला अजून धड सुचलेलं नाही.