‘बॉल घेतला ना त्याने!’ म्हणणाऱ्या मंडळींसाठी

सकाळी सकाळी एका ग्रुपवर रील आलं. फुटबॉलमधले जगातले भारी टॅकल्स म्हणे, म्हणजे समोरच्याच्या पायातला बॉल काढून घेणं. मागे ढँण ढँण म्युझिक आणि एकामागून एक माणसं हवेत उडतायत, खाली आपलीच मंडळी आगीचे इमोजी टाकतायत. एकाने लिहिलंय, ‘याला दम लागतो’. कसला दम रे? मागून येऊन दोन्ही पाय जोडून कुणाच्या घोट्यावर घसरायचं, ज्याला तू दिसतही नाहीयेस, त्याला दम लागतो?

माझ्या भाच्याचं बऱ्याच जणांना माहितीये. साधी टर्फवरची मॅच, ना कप ना काही, आणि एका पोराने बाजूने येऊन त्याच्या पायात एक पाय पुढून एक मागून असे अडकवले. हॉस्पिटलात मोजा कापून काढावा लागला. आतलं शिन गार्ड, म्हणजे नडगी वाचवायला घालतात ते, जसंच्या तसं, साधा ओरखडा नाही, आणि खालची नडगी मोडलेली. माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, ‘अरे रमत छे, वागे तो खरुं ने!’ म्हणजे खेळ आहे, लागणारच की, आणि कोच काय म्हणाला? बॉल घेतला होता त्याने.

बॉल घेतला म्हणजे काय जामीन मिळाला का? अहो, नियमातच आहे की समोरच्याच्या सुरक्षिततेला धोका होईल असा टॅकल म्हणजे सरळ रेड कार्ड, बॉलला आधी पाय लागला की माफ असं कुठेही लिहिलेलं नाहीये. 1998 च्या वर्ल्ड कपला तर फिफाने रेफरींना खास बजावून सांगितलं होतं की मागून टॅकल केला की बाहेर काढा. पण धोका होता की नाही हे शेवटी रेफरीच्या अंदाजावर, आणि आपल्याकडे टर्फवर रेफरी असतोच कुठे. म्हणून म्हणतोय अंदाज नकोच. दोन्ही पायांनी उडी, बुटाच्या तळाचे स्टड वर करून येणं, मागून घसरणं, भाच्याला घातली तशी पायांची कात्री, हे प्रकारच बंद. कुणाला लागो न लागो, बॉल मिळो न मिळो.

‘मग खेळात मजा काय राहील’ हे येणारच आता. मॅराडोनाचा घोटा 1983 ला मागून येऊन मोडला, त्यात मजा होती? हॉलंडचा स्ट्रायकर व्हॅन बास्टन घोट्यापायी अठ्ठाविसाव्या वर्षी शेवटची मॅच खेळला, त्याचे पुढचे गोल बघायला मला जास्त मजा आली असती बुवा. आणि बडोद्याच्या माणसाने तरी हे बोलू नये. क्रिकेटमध्ये आपल्या अंशुमान गायकवाडांच्या कानावर 1976 ला किंग्स्टनला बॉल बसला, कानाचा पडदा फाटला, 81 वर रिटायर्ड हर्ट. पुढे 1991 मध्ये बाउन्सरवर मर्यादा आली तेव्हाही लोक ओरडलेच होते. संपले का फास्ट बोलर?

हां, बंदी घातली तरी सगळ्याच दुखापती थांबत नाहीत, मान्य. 2019 ला इंग्लंडमधल्या एका मॅचमध्ये आंद्रे गोमेसचा पाय मोडला तेव्हा समोरच्या टीममधल्या सॉनचा टॅकल काही फार भयंकर नव्हता, त्याचं रेड कार्डही नंतर रद्द झालं. होतं कधी कधी तसं. पण म्हणून जे टाळता येतं तेही टाळायचं नाही?

खरं सांगू का, भाच्याला पाडणारा तो पोरगा वाईट नाहीये. आईला घेऊन ताईकडे आला होता, दारातच रडायला लागला, भाच्यानेच त्याला आत बोलावलं, मग दोघं एकाच मोबाइलवर मॅच बघत बसले. मला त्याचा राग येतच नाही. त्याला कुणीतरी शिकवलंय ना हे? ‘घाल पाय, घाबरतोस काय’ असं लाइनवरून ओरडणारे आपणच की, त्यात त्या दिवशी मीही उभा होतो. अमेरिकेत 2015 ला दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडिंगच, म्हणजे डोक्याने बॉल मारणंच, बंद केलं, डोक्याला मार बसू नये म्हणून. आणि आमच्याकडे कोच आठवीतल्या पोरांकडून घसरून टॅकल करणं घोटून घेतो.

भाचा चालतो आता नीट. खेळतोही थोडंफार, पण पायात बॉल आला की आधी मागे बघतो, मग पास करतो, तोवर जागा बुजलेली असते. पूर्वी हा पोरगा तिघांना चकवून जायचा हो.

असो. रविवारी टर्फवर येतोय, शिट्टी विकत घेतलीये. कुणी दोन पाय जोडून घसरलं की मॅच थांबवणार आणि त्याला बाहेर बसवणार, बॉल घेतला असो वा नसो. ज्याला भांडायचंय त्याने इथे नको, तिथे यावं.