कागद वाचकाच्या हातात पडू द्या

जुन्या पोथ्यांचा आणि मोडी दप्तरांचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, सगळं स्कॅन करून टाका, मग मूळ कागदाला हात लावायलाच नको. दुसरा म्हणतो, बाहेरच्या माणसाला काही दाखवूच नका. इथे अमेरिकेत, न्यू हेवनमध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी दुर्मिळ ग्रंथालयाचा कारभार पाहिला की दोन्ही पटत नाहीत.

आधी स्कॅनचं. बायनेकीतलं व्हॉयनिच हस्तलिखित आजवर कुणाला वाचता आलेलं नाही. त्याचं पानन्‌पान इंटरनेटवर फुकट पाहता येतं. तरी त्याच्या चर्मपत्राचं वय (1404 ते 1438) कळलं ते मूळ पानांचे बारीक तुकडे 2009 मध्ये ॲरिझोना विद्यापीठात रेडिओकार्बन चाचणीला दिले म्हणून. आपल्या मोडी कागदांचंही तेच. हातकागद उजेडासमोर धरला की जाळीच्या रेघा दिसतात, मोर्तबाची, म्हणजे शिक्क्याची, शाई किती मुरली ते दिसतं, मागाहून चिकटवलेला बंद (कागदाचा पट्टा) बोटांना वेगळा लागतो. बनावट सनद अशीच पकडली जाते.

आता सुरक्षेचं. बायनेकीत बसायला येलचा विद्यार्थी असावं लागत नाही, फीही नाही. ओळखपत्र दाखवून नोंदणी करायची, पिशवी लॉकरमध्ये ठेवायची, आत फक्त पेन्सिल न्यायची. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि कागदांचा क्रम मोडायचा नाही. पुस्तक फोमच्या उतारावर टेकवतात, त्यामुळे बांधणीवर ताण येत नाही. कागदासाठी पांढरे हातमोजे नकोत. मोज्यात पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. धुतलेले, कोरडे हात पुरे.

चोरी तरीही होते. 2005 मध्ये फोर्ब्ज स्मायली हा नकाशांचा व्यापारी इथेच पकडला गेला, कारण जमिनीवर पडलेलं पातं एका कर्मचाऱ्याला दिसलं. त्याने अनेक ग्रंथालयांतले मिळून 97 नकाशे चोरल्याची कबुली दिली. कुठल्या ग्रंथातून काय गेलं, हे ठरवताना मात्र ग्रंथालयांची दमछाक झाली. म्हणून माझा आग्रह कुलपापेक्षा नोंदीचा आहे: प्रत्येक रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात) किती बंद, किती कोरे, कुठे चित्र, हे लिहिलेलं हवं, आणि परत घेताना मोजायला माणूस हवा.

राहिली कीड. 1977 मध्ये बायनेकीतल्या ग्रंथांना भुंगेरे लागले, तेव्हा ते गोठवून मारले. आजही बाहेरून आलेला संग्रह उणे 36 अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवूनच आत घेतात. आपल्या तालुक्याच्या वाचनालयालाही हे जमेल. साधा डीप फ्रीझर उणे 20 पर्यंत जातो. त्यात दोन आठवडे ठेवावं. पुस्तक पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पक्कं बंद करायचं. फ्रीझर गच्च भरू नये. थंडी सावकाश शिरली की किडे तिला सरावतात. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर धरतं आणि मागून बुरशी येते. काचेवरचे फोटो आणि लाखेच्या मोहरा यात घालू नयेत. वाळवी लागली असेल तर पुस्तकातली मरेल, भिंतीतली तशीच राहील. तेव्हा आधी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं.