घरच्यासारखी बाई कशी ठेवावी

इंदूरात नवा फ्लॅट घेतलात? अभिनंदन. २०१७ पासून स्वच्छतेतला पहिला नंबर आम्ही सोडलेला नाही. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा बाजारातली खाऊगल्ली, आणि मधल्या वेळात घर आवरायला बाई. पोहे कुठले खायचे ते कुणीही सांगेल. बाई कशी ठेवायची ते मी सांगते. गेल्या रविवारीच आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला या विषयाची तासभर शिकवणी मिळाली आहे. माझा गुन्हा असा, की मी बाईला महिन्याचे चार रविवार सुट्टी देते आणि आजारपणाचे पैसे कापत नाही. "काकू, तुमच्यामुळे सगळ्या बिल्डिंगचा रेट बिघडतोय," तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मानाही अशा डोलावल्या, की जणू मी पाण्याच्या टाकीत काहीतरी टाकलंय.

तर, पहिल्याच दिवशी, पगाराचा आकडा निघायच्या आत बाईला सांगून टाका, "तुम तो हमारे घर जैसी हो." हे एक वाक्य फार बचतीचं आहे. घरच्या माणसाला कुणी पगारवाढ देतं का? घरच्या माणसाला रविवार असतो का? (घरातल्या बायकांना तो नसतोच, हे लिहिताना मलाही जरा टोचलं. पण तो वेगळा लेख.)

घरची असली तरी तिचा कप वेगळा ठेवा. खिडकीच्या गजाआड, पालथा.

कचऱ्याचं टेन्शन घेऊ नका. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक असे सहा प्रकार आपण घरातच वेगळे करतो, सगळा देश ते बघायला येतो. "आपण" म्हणजे कोण, ते पाहुण्यांना सांगायची गरज नाही.

दिवाळीला साडी द्या. तुम्हाला कुणीतरी दिलेली चालेल.

कायद्याला तर मुळीच घाबरू नका. घरकामगारांसाठी देशभर लागू होईल असा स्वतंत्र कायदाच नाही. २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यांच्यासाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्यावर आपण अजून मोहोर उमटवलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून कायद्याचा विचार करा असं सांगितलं. समिती म्हटल्यावर तुम्ही निर्धास्त झोपा. तिकडे पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, संघटना उभी केली. २००८ मध्ये महाराष्ट्रात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला. आपण मराठी असलो तरी राहतो मध्यप्रदेशात, हे किती बरं! मराठी बाणा गणपतीत आणि नाटकाच्या तिकिटाला दाखवावा, भांडीवालीच्या पगारात नाही.

हां, २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात घरात काम करणारी बाईही येते आणि तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे तिला कळू देऊ नका.

आता मुख्य कला: खाडा कापणे. कॅलेंडरवर लाल पेनाने फुली मारायची. दुधाच्या खाड्यासारखीच, हवं तर त्याच कॅलेंडरवर. बाईला ताप आला, फुली. सासू वारली, फुली, आणि बाराव्यापर्यंत फुल्याच. आमच्या बाईकडे पाच घरं आहेत. सगळी मिळून महिन्याचे बारा हजार. म्हणजे तापाचा एक दिवस चारशे रुपयांना पडतो, तीन दिवस बाराशेला, औषधाचे वेगळे. आणि चौथ्या दिवशी कुठल्यातरी घरात दुसरी बाई लागलेली असते, हे निराळंच. मग ती काय करते? ती बदली पाठवते.

बदली फेब्रुवारीत माझ्या दारात आली. उंची गॅसच्या ओट्याएवढी, केसांना दोन रिबिनी. "आंटीजी, मम्मी को बुखार है. मैं कर दूँगी." मी दार उघडलं. हो, मीच. मला त्या दिवशी पाहुणे होते. तिने बाल्कनीतली बादली आणली, सिंकपुढे पालथी घातली आणि वर चढली. कोपरापर्यंत बाह्या ओल्या. मग वळून विचारलं, "कुकर की रिंग अलग से घिसूँ ना?" मी म्हटलं, हुशार आहे पोर. माझ्या सुनेला तिशीत हे सांगावं लागलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीला कुकरची रिंग वेगळी काढून घासतात हे माहीत असणं, यात मला कौतुक वाटलं! काम झाल्यावर मी तिला बिस्किटाचा पुडा दिला आणि मोठ्या मायेने विचारलं, "स्कूल नहीं गई आज?"

"आज गणित का पेपर था," ती म्हणाली. पाचवीचा. इथे पाचवीला बोर्डाच्या पद्धतीने परीक्षा होते. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

तेव्हापासून मी फुली मारत नाही. एवढीच माझी समाजसेवा, आणि एवढ्यावरून ती मीटिंग.

मीटिंगमध्ये मी ही बदलीची गोष्ट काढली, तर सेक्रेटरीसाहेबांनी मोबाइल काढला. "काकू, कायदा वाचा. २०१६ ची दुरुस्ती. शाळेव्यतिरिक्तच्या वेळात मूल आपल्या कुटुंबाला मदत करू शकतं. ती आईला मदत करते." वा! पुढचंही वाचा ना! ती सूट कुटुंबाला आणि कुटुंबाच्या स्वतःच्या उद्योगाला आहे. माझा ओटा, तुमचं बाथरूम आणि वहिनींच्या कढईचा जळका बूड हा कुणाचा कौटुंबिक उद्योग? आणि शाळेव्यतिरिक्तचा वेळ म्हणजे गणिताच्या पेपरचा वेळ का? घरकामाला चौदा वर्षांखालचं मूल ठेवायचं नाही ही बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून आहे. त्या मुलीच्या जन्माच्याही आधीपासून! २०१६ पासून शिक्षा आहे सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. आणि ती शिक्षा कामावर ठेवणाऱ्याला आहे. मुलीला नाही, तापाने पडलेल्या तिच्या आईलाही पहिल्या गुन्ह्याला नाही. तुम्हाला. मला.

यावर वहिनी काय म्हणाल्या असतील? "आम्ही कुठे ठेवलंय तिला? आम्ही तर आईलाच ठेवलंय. पोरगी आपणहून येते."

आपणहून. चारशे रुपये कापायची धमकी देऊन आपणहून.

आणि हे बोलणं चालू असताना गच्चीच्या नळावर मीटिंगच्या पोह्यांच्या प्लेटा कोण विसळत होतं, ते विचारा. रविवार होता, त्यामुळे शाळेचा प्रश्न नव्हता, एवढं समाधान. कुणीतरी तिला उरलेली जिलबी दिली आणि ग्रुपवर फोटोही टाकला. खाली हात जोडलेले सहा इमोजी.

बास झाला उपरोध, मला तो जमत नाही. दहा वर्षं बाई माझ्याकडे आहे आणि परवापर्यंत माझ्या फोनमध्ये तिचं नाव "बाई भांडी" होतं. तेव्हा मी काही देवमाणूस नाही, आणि ते व्हायला मी कुणाला सांगतही नाही. पण तुम्ही कारच्या विम्याला वर्षाचे पंचवीस हजार भरता आणि तापाचे चारशे कापता. ऑफिसात पगारी रजा मिळाली नाही तर तुम्ही एचआरला चार पानी ईमेल लिहिता. महिला दिनाला फेटे बांधून स्कूटरवरून राजवाड्याला जाता, अहिल्याबाईंना हार घालता, आणि घरी येऊन म्हणता, आज बाईने दांडी मारली. लाज वाटत नाही?

रेट बिघडवते म्हणता ना, तर नीट बिघडवते. चार रविवार, आजारपणाच्या बारा दिवसांचे पैसे, दिवाळीला साडी नाही, एक पगार. आणि दारात आई नाही आली, मुलगी आली, तर तिला आत घ्यायचं नाही. भांडी तशीच राहू द्यायची. मी हे ग्रुपवर टाकलंय. ग्रुपमधून काढायचं असेल तर काढा, मेंटेनन्सची पावती तेवढी दारात सरकवत जा.