सुक्या बोंबलाचा वास, इस्सिक-कुलच्या काठी

किर्गिझस्तानातली बोओमची घाटी संपली, फोनला रेंज आली आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे शंभरेक मेसेज एकदम येऊन पडले. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी सुके बोंबील भाजले, जिनाभर वास पसरला. म्हणून ठराव करायचा की यापुढे फ्लॅट शाकाहारी कुटुंबालाच भाड्याने द्यायचे. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘ज्यांना मासे खायचेत त्यांनी कोकणात जाऊन राहावं.’ खाली अंगठ्यांची रांग. मी हे वाचत होतो ते बालिक्चीत, आणि गाडीच्या काचेशी एक एजे, म्हणजे थोरली बाई, धुरी दिलेल्या माशांची माळ धरून उभी होती. बालिक्ची म्हणजे मासेमार. या लोकांनी गावाला ते नाव अभिमानाने दिलंय. मी दोन माळा घेतल्या, आणि पुढचे तीन तास गाडीत तोच वास दरवळत होता.

चौदा वर्षं इथल्या राजधानीत, बिश्केकमध्ये शिकवतोय. जुलै-ऑगस्टमध्ये शहर तापलं की सगळे निघतात तसे आम्हीही इस्सिक-कुल तळ्याकडे निघतो. उत्तरेला चोल्पोन-आताकडे पान्सिओनातांची, म्हणजे सुट्टीच्या विश्रामगृहांची, गर्दी असते, म्हणून आम्ही दक्षिण काठाने ताम्गाकडे जातो. १६०७ मीटर उंचीवर जवळपास १८० किलोमीटर लांब पसरलेलं हे पाणी किंचित खारट आहे आणि कडाक्याच्या हिवाळ्यातही गोठत नाही. ‘उष्ण सरोवर’ हे नाव त्यावरूनच पडलं. पोहून आलेल्या मुलाच्या केसांना मीठ लागतं, तेव्हा मला दरवर्षी मालवणची आठवण येते. समोर मात्र बर्फाचे डोंगर असतात.

त्या दिवशी बार्स्कोऊनच्या वरच्या जायलोवर, म्हणजे डोंगरावरच्या उन्हाळी कुरणावर, ओळखीच्या एका बायकेंच्या (थोरल्या दादांच्या) बोझ-उयमध्ये, लोकरी तंबूत, जेवायला बोलावलं होतं. आमच्यासाठी मेंढी कापली होती. दारासमोरची तोरवरची, म्हणजे मानाची, जागा मला दिली आणि मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलं. कान कापून माझ्या मुलाच्या हातात दिला. जांबाश, म्हणजे कमरेच्या हाडाचा तुकडा, वडीलधाऱ्यांकडे गेला. कोणता तुकडा कुणाचा हे इथे ठरलेलं असतं आणि सगळे ते मनापासून पाळतात. बायकोचा श्रावणी सोमवार होता. तिने संकोचत सांगितलं, तर घरच्या एजेने काही न विचारता तिच्यापुढे कायमाक म्हणजे साय, जर्दाळूचा मुरंबा आणि कुमीसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा ठेवला. तिने कुमीस जेमतेम ओठाला लावलं, तेही कुणाला खटकलं नाही. शेवटी सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवून ‘ओमिन’ म्हटलं, तिनेही म्हटलं. मटणाचं ताट आणि उपासाचं ताट एकाच दस्तरखानावर, जेवणाच्या पसरलेल्या कापडावर, होतं. ग्रुपवरच्या लोकांना मला हेच दाखवायचं होतं.

बिश्केकच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. आईने पाठवलेला जवळा परतला, आणि बंद खिडक्यांमुळे सगळ्या पोद्येझ्दमध्ये, म्हणजे जिन्यात, वास भरला. दारावर टकटक झाली. आता बोलणी खावी लागणार असं वाटलं. शेजारची म्हातारी बोर्सोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, बशी घेऊन उभी होती आणि काय शिजतंय ते बघायला आत आली. मुस्लिमबहुल देशातल्या याच शहराच्या ओश बाजारात डुकराचं मांस वेगळ्या भागात विकलं जातं. ज्यांना नको ते तिकडे फिरकत नाहीत, संपलं.

आता मला कुणी सुनावेल की १८ मे २०२४ विसरलास का. नाही विसरलो. जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर चालून गेला, त्या रात्री आम्हीही दिवे मालवून बसलो होतो. इथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पण त्या रात्रीची इथल्या माणसांना लाज वाटली आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. कितीतरी जणांनी फोन केले, घरी या म्हणाले. आमच्या ग्रुपवर मात्र लाज वाटावी असं काही घडलंय हेच कुणाला वाटत नव्हतं.

मी मोठं उत्तर लिहायला घेतलं आणि अडकलो. कारण याच सोसायटीत आई बांगडा तळायची तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी आणि दाराची फट बंद करायची, वर उदबत्ती लावायची. शाळेतला मित्र येणार असला की मीच तिला म्हणायचो, आज नको करू. ती करायची नाही. काही बोलायचीही नाही. पुढे मी इकडे आलो, आई गेली आणि फ्लॅट भाड्याने दिला. दोन वर्षांपूर्वी एजंटचा मेसेज आला होता: ‘मालवणकडचं कुटुंब आहे सर, मासे खाणारे, नको म्हणून सांगतो. शाकाहारीच बघू ना?’ मी तेव्हा याच किनाऱ्यावर बसलो होतो, टॉवेलवर, पाय पाण्यात. मी ‘ठीक’ एवढंच टाईप केलं.

आज तो मेसेज शोधून काढला. सध्याचा करार डिसेंबरला संपतो. एजंटला फोन लावला आणि जाहिरातीतली ‘फक्त शाकाहारी’ ही ओळ काढायला सांगितली. तो म्हणाला, सर, सोसायटीचा ठराव होतोय, तुमचीही सही लागेल.

ग्रुपवर मी लिहिलं की माझी सही मिळणार नाही, त्या घरात माझ्या आईने तीस वर्षं मासे केले. पाठवून फोन पिशवीत टाकला. उरलेली माळ सोलून दगडावर ठेवली होती. मुलगा पाण्यातूनच ओरडला, ‘बाबा, मला ठेव!’