डॉट पाच म्हणजे डॉट चारच्या वरचं ब्रेक ऑइल नव्हे, जुन्या गाडीत ओतायच्या आधी हे वाचा

परवा रात्री मामांचा फोन. "अरं, ते डॉट पाच ऑइल आलं बघ कुरिअरनं. सकाळी वरनं ओततो आणि शनवारी फोंडा घाट उतरून कणकवलीला जातो, पोरीकडं." मी ताटावरनं उठलो. मामांची गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, मूळची चारी चाकांना ड्रम ब्रेक, गेल्या वर्षी उद्यमनगरात पुढं डिस्क ब्रेक आणि पॅडल हलकं करणारा बूस्टर बसवून घेतलाय, काम एकदम चांगलं झालंय. आणि त्यात आता हे ओतणार, ते पण एका व्हॉट्सॲप मेसेजवर विश्वास ठेवून.

मेसेज तुमच्याकडं पण आला असेल. त्यात म्हटलंय की जुन्या गाडीला डिस्क बसवली की डॉट ५ च घालायचं, नंबर जितका मोठा तितकं ऑइल भारी. ते पाणी ओढत नाही म्हणून आयुष्यभर बदलायचं काम नाही. आहे त्यातच वरनं ओतलं तरी चालतं. डॉट ४ नं जुनी रबरं आणि पेंट जातो. आणि शेवटी, अडीनडीला पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पण चालतं, ऑइल ते ऑइलच.

पहिलं नंबरचं बघू. डॉट म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं, आणि हे नंबर त्यांच्या एफएमव्हीएसएस ११६ या स्टँडर्डमधनं आलेत. त्यात प्रत्येकाचा उकळायचा किमान आकडा ठरवून दिलाय, कोरडं असताना आणि पाणी ओढल्यावर असे दोन. डॉट ३ चे २०५ आणि १४० अंश, डॉट ४ चे २३० आणि १५५, आणि डॉट ५ आणि ५.१ या दोघांचे सारखेच, २६० आणि १८०. आता दोघांचे आकडे सारखे असून नावं वेगळी का, तर माल वेगळा म्हणून. ५.१ हे ३ आणि ४ च्याच घराण्यातलं, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या ग्लायकॉलचं. नुसतं ५ म्हणजे सिलिकॉन, आणि ते ओळखू यावं म्हणून त्याच स्टँडर्डनं त्याला जांभळा रंग सक्तीचा केलाय. म्हणजे चारच्या पुढची पायरी पाच नव्हे. ५.१ हवं तर घाला, मी अडवणार नाही, पण पद्मिनीला ताजं डॉट ४ भरपूर झालं.

आता ते पाण्याचं, कारण खरा घात तिथंच आहे. सिलिकॉन पाणी ओढत नाही हे खरंय, मान्य. पण पाणी आत यायचं थांबतं काय? आपल्याकडं जूनपासनं चार महिने भिंतीला ओल येते, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाच्या भोकातनं, रबरी होजमधनं दमट हवा आत जातच राहते. ग्लायकॉलमध्ये आलेलं पाणी सगळीकडं विरघळून पसरतं, त्यानं ऑइल कमजोर होतं, तीन-चार टक्के पाणी झालं की डॉट ४ चे २३० घसरून १५५ पर्यंत येतात. वाईटच आहे, म्हणून तर दोन वर्षांनी बदलायचं. पण सिलिकॉनमध्ये तेच पाणी थेंब थेंब सुटंच राहतं, आणि सिलिकॉनपेक्षा जड असल्यानं खाली जाऊन बसतं. खाली काय असतं? चाकापाशी ब्रेक दाबणारे, ड्रमचे व्हील सिलिंडर आणि डिस्कचे कॅलिपर. म्हणजे सगळ्यात जास्त तापणाऱ्या जागी चोख पाणी, शंभर अंशाला उकळणारं. डिस्कचा पिस्टन तर डिस्कवर घासणाऱ्या पॅडच्या पाठीला चिकटून असतो, ड्रमपेक्षा उष्णता लवकर ऑइलपर्यंत पोचते. फोंडा घाटात वळणावळणाला ब्रेक मारत उतरायला लागलं की त्या पाण्याची वाफ होणार, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, आणि पॅडल सरळ तळाला. मागं मामी आणि नातू बसलेले असणार. मला झोप लागली नाही त्या रात्री. शिवाय त्या पाण्यानं सिलिंडरला आतनं गंज धरतो ते वेगळंच. ऑइल आयुष्यभर पुरेल हो, पण सिलिंडर पुरणार नाही.

वरनं ओतायचं तर नावच काढू नका. सिलिकॉन आणि ग्लायकॉल एकजीव होत नाहीत, जुन्या ऑइलमधलं पाणी आतच राहतं, आणि सिलिकॉन ओतताना त्यात बारीक बुडबुडे धरून राहतात ते वेगळेच, लाइनमधली एअर काढून काढून माणूस थकतो तरी पॅडल स्पंजासारखं.

आणि "ऑइल ते ऑइलच" हे कुणी लिहिलं असेल त्यानं आयुष्यात एक मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडं ढकलणारा, खोललेला नाही. चूक आपल्या बोलण्यात पण आहे, आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नाहीच. ब्रेकची रबरं ग्लायकॉलसाठी बनवलेली असतात, आणि स्टिअरिंगचं ऑइल म्हणजे खनिज तेल, ते लागलं की ती फुगतात. मी मामांना दाखवायला दोन काचेच्या बाटल्या भरल्या, एकीत डॉट ४, एकीत स्टिअरिंग ऑइल, दोन्हीत ब्रेकच्या एकाच रबर किटमधले सारखे वॉशर. तिसऱ्या दिवशी स्टिअरिंग ऑइलमधला वॉशर फुगून मऊ पडलेला, सिलिंडरात जाईना. गाडीत हे झालं की आधी ब्रेक धरून राहतो, मग जातोच, आणि मास्टर सिलिंडरपासनं होजपर्यंत प्रत्येक रबर बदलायला लागतं. काही जुन्या सिट्रोएन गाड्यांत ब्रेकला हिरवं खनिज तेल असतं हे खरं, पण त्यांची रबरंच त्या तेलाची असतात.

रबरं खराब होतात म्हणे डॉट ४ नं. जुन्या गाड्यांत चालणारं ३ आणि हे ४ एकाच जातीचे, आणि डिस्क बसवताना किट नवंच पडलेलं असतं, विषय संपला. पेंटचं मात्र खरंय. डॉट ४ सांडलं तर पेंट उचलतंच, सिलिकॉननं काही होत नाही. पण डॉट ४ पाण्यात विरघळतं, लगेच भरपूर पाणी मारलं की निघून जातं. शेडमध्ये झाकून ठेवलेली, वर्षातनं एकदा रॅलीला निघणारी गाडी असेल, सगळी लाइन रिकामी करून, धुऊन, सगळी रबरं नवी टाकून कुणी सिलिकॉन भरत असेल तर भरू दे. मामा त्या गाडीनं भाजी आणतात.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही, जी डिस्क बसवलेल्या प्रत्येकानं मिस्त्रीला विचारायला पाहिजे. जुना ड्रमचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवलाय काय? ड्रमच्या पुष्कळ मास्टर सिलिंडरांत लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला ते चालत नाही, पॅड घासत राहतात, चाक तापतं, मग कुठल्याही नंबरचं ऑइल घाला, उकळायचंच. मामांचं बघितलं, त्यांचा बदललेला आहे. पण चाकापाशी ऑइल काढायचं निपल उघडल्यावर जे जुनं ऑइल आलं ते चहाच्या रंगाचं होतं, डिस्क बसवतानाच बदललं गेलं नव्हतं. दोन सीलबंद डॉट ४ आणले, चारी चाकांना स्वच्छ येईपर्यंत काढलं. उरलेलं अर्धं कॅन पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नाही, उघडं कॅन कपाटात पण पाणी ओढतं.

कुणी आधीच डॉट ५ किंवा स्टिअरिंग ऑइल ओतून बसलं असेल तर गाडी गल्लीतल्या गल्लीत पण हलवू नका. मिस्त्रीला घरी बोलवा, नाहीतर गाडी टो करून न्या, आणि ओतलंय काय ते न लाजता त्याला आधी सांगा, कारण नुसतं एअर काढून ते निघत नाही.