लसीमुळे लम्पी होतो म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

पावसाळा लागला, माशा वाढल्या की तो मेसेज परत फिरतो, आता कळमेश्वर-काटोल साईडच्या ग्रुपवर जोरात आहे. त्यात म्हटलंय की लस टोचल्यावर आठ दिवसांत गाठी येतात म्हणजे लसीतूनच लम्पी (गायी-बैलांच्या चामडीवर गाठी आणणारा विषाणूचा रोग) होतो, बकरीची लस गायीवर चालत नाही, लम्पीवाल्या गायीचं दूध पिलं तर माणसालाही होतो, आणि हळद-कडुनिंब लावलं की लसीची गरजच नाही. भाऊ, हे वाचून लोकं लस द्यायला आलेल्या डॉक्टरला गोठ्यातून परत पाठवून राहिले, म्हणून लिहितोय.

आधी लसीचं, कारण सगळा घोळ तिथंच आहे. लस टोचल्यावर आठव्या दिवशी गाठी आल्या हे खोटं नाही, असं होतं. पण विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत चार दिवसांपासून चार आठवडेही जाऊ शकतात, आणि लसीचा असर यायला साधारण तीन आठवडे लागतात. आता आपण लस कधी घेतो? शेजारच्या गावात लम्पी आल्यावर. म्हणजे काही ढोरांना तो आधीच लागून गेलेला असतो, वरून धडधाकट दिसतात, वैरण खातात, आणि लस दिल्यावर गाठी वर येतात. रोग लसीच्या आधीचा, दिसला नंतर, एवढंच.

अन 2022 ला राज्यभर दिली ती गोट पॉक्सची लस होती, तिच्यात लम्पीचा विषाणूच नाही, शेळीच्या देवी रोगाचा आहे, तोही कमजोर केलेला, मग त्यातून लम्पी येणार कुठून? गाठीची खपली लॅबला पाठवली की पीसीआर चाचणीत (विषाणूची जनुकं तपासतात ती) हे दोन विषाणू वेगळे ओळखता येतात. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संशोधन संस्थेनं 2022 च्या साथीतल्या विषाणूंची जनुकं वाचली, तर काही 2019-20 च्या रांची-हैदराबादच्या लम्पीसारखे निघाले, काही 2015 च्या रशियातल्या लम्पीसारखे. आणि 2019 ला ओडिशात लम्पी पहिल्यांदा सापडला तेव्हा देशात गायींना लम्पीसाठी कोणती लस देतच नव्हते, हे त्या मेसेजवाल्यानं सांगावं कसं बसवायचं.

एक गोष्ट मात्र मान्य, एकच सुई सगळ्या गोठ्याला फिरवली तर रोग पसरू शकतो. त्यासाठी दर जनावराला नवीन सुई मागा, भांडून मागा, पण लस नाही म्हणू नका.

बकरीची लस गायीला कशी, तर शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे तिन्ही विषाणू एकाच घराण्यातले, कॅप्रीपॉक्स, म्हणून एकाची लस दुसऱ्यावर बऱ्यापैकी चालते. माणसाच्या देवीवर इंग्लंडच्या डॉक्टर जेन्नरनं 1796 ला लस म्हणून वापरली ती गायीची देवीच होती ना. शंभर टक्के संरक्षण नाही, लस घेतलेल्या काही जनावरांनाही लम्पी झालाय, म्हणूनच हिसार आणि इज्जतनगरच्या पशुसंशोधन संस्थांनी रांचीच्या लम्पी विषाणूपासूनच वेगळी लस बनवली, लम्पी-प्रोव्हॅक, 2022 च्या ऑगस्टमध्ये ती जाहीर झाली.

दुधाचं थोडक्यात. लम्पी माणसाला होत नाही. 2022 लाच माणसाला होणाऱ्या मंकीपॉक्सच्या बातम्या आल्या आणि लोकांनी दोन्ही एकात मिसळले, पण ते विषाणू वेगळे. दूध उकळून प्या, जे एरवीही करतोच.

राहिलं हळद-कडुनिंब. जखमेवर लावा, माशा दूर राहतात, नाही कशाला म्हणू. पण लम्पीची गाठ चामडीवरची पुटकुळी नाही, हात फिरवला की कळतं, दोन ते पाच सेंटिमीटरची टणक गोल गाठ, चामडीच्या पूर्ण जाडीत रुतलेली, पुढे मधला भाग सडून गळतो आणि आरपार खड्डा पडतो. विषाणू रक्तात, लाळेत, नाकाच्या पाण्यात असतो, वरून लेप लावून तिथंपर्यंत काय पोचणार? त्यापेक्षा गोठ्यातल्या चावऱ्या माशा आणि गोचिड आवरा, ती माशी घरमाशीसारखीच दिसते पण तोंडाला पुढं सुईसारखी सोंड असते, पायाला चावते, ढोर पाय आपटतं, ती उडून शेजारच्या बैलावर बसते आणि रोग तिथं नेते. आजारी जनावर वेगळं बांधा, त्याचा पाण्याचा टोपलाही वेगळा ठेवा, आणि गळलेल्या खपल्या झाडून शेणखतात टाकू नका, जाळा किंवा खोल पुरा, वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभर जिवंत राहू शकतो.